ग्रँड ड्यूक जॉर्जी मिखाइलोविच

ग्रँड ड्यूक जॉर्जी मिखाइलोविच रोमानोव्ह (२३ ऑगस्ट १८६३ – जानेवारी १९१९) हे रशियाच्या राजघराण्यातील नाणेशास्त्रज्ञ, संग्राहक आणि वस्तुसंग्रहालयाचे प्रशासक होते. झार पहिला निकोलस यांचे ते नातू. रशियन साम्राज्यातील नाण्यांचा त्यांचा संग्रह त्या काळी खाजगी मालकीच्या सर्वांत समृद्ध संग्रहांत गणला जाई. त्या नाण्यांची माहिती टांकसाळीच्या व सरकारी दप्तरांतील मूळ कागदपत्रांसह देणारी त्यांची ग्रंथमाला आजही या विषयाचा पाया मानली जाते. सेंट पीटर्सबर्ग येथील रशियन वस्तुसंग्रहालयाचे ते पहिले व्यवस्थापक होते. रशियन राज्यक्रांतीनंतर त्यांना अटक झाली आणि जानेवारी १९१९ मध्ये पेट्रोग्राडच्या पीटर-पॉल किल्ल्यात त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले.

याच काळातील ग्रँड ड्यूक जॉर्जी अलेक्झांड्रोविच ही निराळी व्यक्ती होय. ते झार दुसरा निकोलस यांचे धाकटे बंधू. १८९०–९१ मधील पूर्वेकडील प्रवासात मुंबईला आल्यावर प्रकृती बिघडल्यामुळे त्यांना तेथूनच परतावे लागले होते. नामसाधर्म्यामुळे या दोघांची अनेकदा गल्लत होते.

बालपण व शिक्षण

जॉर्जी मिखाइलोविच यांचा जन्म तिफ्लिस (आताचे त्बिलिसी) या शहराजवळील बेली क्ल्युच या गावी झाला. त्यांचे वडील ग्रँड ड्यूक मिखाइल निकोलायेविच हे झारचे काकेशस प्रांतातील राजप्रतिनिधी होते. आई ओल्गा फ्योदोरोव्हना ही मूळची जर्मनीतील बाडेन संस्थानची राजकन्या. सहा भाऊ आणि एक बहीण अशा भावंडांत जॉर्जी तिसरे पुत्र होते. थोरले बंधू निकोलाय हे पुढे इतिहासकार म्हणून नावारूपास आले. धाकटे बंधू अलेक्झांडर यांनी नौदलात सेवा केली आणि रशियन लष्करी विमानदलाच्या उभारणीत पुढाकार घेतला.

या मुलांचे बालपण राजधानीच्या दरबारापासून दूर, काकेशसच्या डोंगराळ मुलखात गेले. शिस्त मात्र लष्करी छावणीसारखी होती. प्रत्येक मुलाने सैन्यातच जायचे, हे त्याच्या जन्मापूर्वीच ठरलेले असे. जॉर्जी यांना चित्रकलेची ओढ होती. धाकटे बंधू अलेक्झांडर यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग नोंदवला आहे. एकदा जेवणाच्या वेळी मुलांच्या भवितव्याविषयी बोलणे चालले असता जॉर्जी यांनी व्यक्तिचित्रकार होण्याची इच्छा भीत भीत बोलून दाखवली. सगळे एकदम गप्प झाले. थोड्या वेळाने वाढपी गोड पदार्थ घेऊन आला आणि जॉर्जी यांना न वाढताच पुढे निघून गेला, तेव्हा आपले काय चुकले ते त्यांना उमगले.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. कुलरीतीप्रमाणे ते घोडदळाच्या गार्ड पलटणीत अधिकारी झाले. मात्र रेखाटनाची आवड आणि बारीकसारीक तपशील टिपणारी नजर नाहीशी झाली नाही. पुढे नाणी व पदके यांच्या अभ्यासात ती कामी आली.

साम्राज्यातील सन्मानचिन्हांची परंपरा

जॉर्जी यांचे कार्य समजून घेण्यासाठी त्या काळच्या रशियातील सन्मानचिन्हांची रचना ठाऊक असणे उपयुक्त आहे. नाणी आणि पदके एकाच टांकसाळीत, एकाच कारागिरांच्या हातून घडत. त्यामुळे त्यांचा इतिहास वेगळा करता येत नाही.

रशियातील पहिली सन्मानश्रेणी, म्हणजे ज्याला ऑर्डर म्हणतात ती, पीटर द ग्रेट यांनी १६९८ मध्ये सेंट आन्द्रेई (अँड्र्यू) यांच्या नावाने स्थापन केली. तिचा फिक्या निळ्या रंगाचा रुंद पट्टा हा साम्राज्यातील सर्वोच्च बहुमान होता. स्त्रियांसाठी सेंट कॅथरीन ही श्रेणी १७१४ मध्ये सुरू झाली. पुढे १७२५ मध्ये सेंट अलेक्झांडर नेव्हस्की, १७६९ मध्ये युद्धातील पराक्रमासाठी सेंट जॉर्ज आणि १७८२ मध्ये सेंट व्लादिमिर या श्रेणी आल्या. होल्स्टाइन संस्थानात स्थापन झालेली सेंट अॅना ही श्रेणी १७९७ मध्ये, तर पोलंडमधील व्हाइट ईगल आणि सेंट स्टॅनिस्लाव्ह या श्रेणी १८३१ मध्ये रशियन व्यवस्थेत सामावून घेण्यात आल्या.

या श्रेणी मुख्यतः अधिकारी व उमराव यांच्यासाठी होत्या. सामान्य शिपायांसाठी सेंट जॉर्ज श्रेणीला जोडून १८०७ मध्ये एक चांदीचा क्रूस सुरू झाला. १८५६ मध्ये त्याचे चार वर्ग करण्यात आले. वरचे दोन सोन्याचे आणि खालचे दोन चांदीचे होते. या क्रूसाच्या मागील बाजूस क्रमांक कोरलेला असे आणि त्याची नोंद ठेवली जाई. त्यामुळे शंभर वर्षांनंतरही एखादा क्रूस कोणत्या शिपायाला मिळाला होता, हे दप्तरांवरून शोधता येते. ख्रिस्ती नसलेल्या सैनिकांसाठी १८४४ पासून क्रूसावर संताऐवजी दुहेरी मस्तकाच्या गरुडाची आकृती येऊ लागली. काकेशसमधील मुसलमान योद्ध्यांना हा बदल रुचला नाही आणि ते पक्ष्याऐवजी घोडेस्वाराचेच चिन्ह मागत, असे सांगितले जाते. १९१३ च्या नव्या नियमावलीत हा भेद काढून टाकण्यात आला.

याखेरीज पदकांचे दोन मुख्य प्रकार होते. पहिला प्रकार फितीला अडकवून छातीवर लावायच्या पदकांचा. एखाद्या लढाईत अथवा मोहिमेत भाग घेतलेल्यांना ती दिली जात. दुसरा प्रकार स्मृतिपदकांचा. ती आकाराने मोठी असत, त्यांना कडी नसे आणि विजय, राज्यारोहण, वास्तूचे उद्घाटन अशा प्रसंगी ती पाडली जात. १७०९ मधील पोल्टावाच्या विजयानंतर पीटर यांनी शिपायांनाही पदके दिली. युद्धात उतरलेल्या सर्वसामान्य सैनिकाला पदक देण्याची ही प्रथा त्या काळच्या युरोपात फारशी रूढ नव्हती.

राजघराण्यातील मुलांची गोष्ट निराळी होती. ग्रँड ड्यूकला नामकरणाच्या वेळीच सेंट आन्द्रेई श्रेणी मिळे आणि तिच्यासोबत खालच्या काही श्रेणीही आपोआप मिळत. ज्या बहुमानासाठी सेनापतींना आयुष्य वेचावे लागे, तो जॉर्जी यांना पाळण्यातच मिळाला होता.

संग्रहाचा प्रारंभ

जॉर्जी यांनी तरुणपणीच नाणी जमवण्यास सुरुवात केली. राजघराण्यातील व्यक्तीला दुर्मीळ वस्तू मिळवणे इतरांपेक्षा सोपे होते. खाजगी संग्राहकांचे संच ते विकत घेत आणि भेटीदाखलही अनेक नाणी त्यांच्याकडे येत. तथापि, केवळ दुर्मीळ नग जवळ असणे त्यांना पुरेसे वाटत नसे. नाणे केव्हा, कोणाच्या हुकुमाने, किती वजनाचे आणि कोणत्या ठशावरून पाडले गेले, याचा कागदोपत्री पुरावा शोधण्याकडे त्यांचा कल होता.

या आग्रहामागे एक व्यावहारिक कारणही होते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत रशियन टांकसाळ श्रीमंत संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या नाण्यांच्या नव्या प्रती पाडून देत असे. कधी जुने ठसे वापरले जात, कधी नवे तयार केले जात. अशा प्रती नोव्होदेल या नावाने ओळखल्या जातात. त्या टांकसाळीतच पाडलेल्या असल्यामुळे त्यांना बनावट म्हणता येत नसे. तरीही त्या मूळ काळातील नसल्यामुळे अभ्यासकांची दिशाभूल होई. केवळ नाणे हातात धरून खरे-खोटे ठरवणे कठीण होते. टांकसाळीच्या दप्तरांशी ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग होता.

१८८६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी आपल्या संग्रहातील काही दुर्मीळ नाण्यांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले.

ग्रंथकार्य

१८८७ मध्ये जॉर्जी यांच्या आश्रयाने नाणी व पदके यांविषयीच्या राजाज्ञांचा संग्रह प्रसिद्ध झाला. १६४९ ते १८८१ या काळातील कायद्यांच्या जाड्या ग्रंथांतून हे हुकूम निवडून काढण्याचे काम मिखाइल देम्मेनी यांनी केले. कोणते पदक कोणत्या मोहिमेसाठी, कोणत्या धातूत आणि कोणत्या फितीवर द्यायचे, हे राजाज्ञांत नमूद असे. त्यामुळे पदकांच्या अभ्यासकांसाठीही हा संग्रह महत्त्वाचा ठरला.

त्यानंतर त्यांच्या मुख्य ग्रंथमालेस आरंभ झाला. तिची रचना राजवटींनुसार होती आणि क्रम अलीकडून मागे जाणारा होता. दुसरा अलेक्झांडर यांच्या राजवटीतील नाण्यांवरचा खंड १८८८ मध्ये आणि पहिला निकोलस यांच्या काळाचा खंड १८९० मध्ये निघाला. पुढे पॉल, कॅथरीन, एलिझाबेथ, अॅना या राजवटींचे खंड येत राहिले. पीटर द ग्रेट यांच्या नाण्यांचा खंड १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण हे काम पाव शतकाहून अधिक काळ चालले.

प्रत्येक खंडाचे साधारणतः दोन भाग असत. एका भागात टांकसाळीचा पत्रव्यवहार, हुकूम, अहवाल आणि नाण्यांच्या आराखड्यांविषयीचे कागद छापलेले असत. दुसऱ्या भागात नाण्यांची वर्णने आणि छायाचित्रांवरून केलेले चित्रफलक असत. लेखकाने आपली मते मोजक्या शब्दांत दिली आणि कागदपत्रांना प्राधान्य दिले. क्रांती, यादवी युद्ध आणि दोन महायुद्धे यांच्या काळात रशियातील असंख्य संग्रह विखुरले गेले, कित्येक नष्ट झाले. अशा वेळी छापून ठेवलेल्या या नोंदींमुळे पुढील पिढ्यांना आधार मिळाला.

त्याच सुमारास पदकांचा अभ्यासही रशियात आकार घेत होता. हर्मिटाज वस्तुसंग्रहालयातील युली इव्हेर्सेन यांनी सरकारी अधिकारी व खाजगी व्यक्ती यांच्या सन्मानार्थ काढलेल्या पदकांवर ग्रंथ लिहिले. १९०८ मध्ये व्ही. पी. स्मिर्नोव्ह यांनी रशियन पदकांचे वर्णनात्मक पुस्तक प्रसिद्ध केले. या सर्वांच्या कामामुळे हौशी संग्रहाला शास्त्राची बैठक मिळाली.

कॉन्स्टंटाइन रुबल

जॉर्जी यांच्या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध नाणे म्हणजे १८२५ चा कॉन्स्टंटाइन रुबल. त्या वर्षाच्या अखेरीस झार पहिला अलेक्झांडर निपुत्रिक वारले. धाकटे बंधू कॉन्स्टंटाइन गादीवर येणार, अशी सर्वांची समजूत होती. टांकसाळीने तातडीने त्यांच्या नावाचे व मुद्रेचे ठसे बनवून काही नमुने पाडले. परंतु कॉन्स्टंटाइन यांनी वारसाहक्क आधीच सोडला होता. त्यांच्या जागी निकोलस यांना शपथ देण्याच्या दिवशी राजधानीत डिसेंब्रिस्ट अधिकाऱ्यांचा उठाव झाला. कधीच गादीवर न बसलेल्या झारचे नाणे अस्तित्वात असणे अडचणीचे होते. त्यामुळे ते नमुने आणि ठसे अर्थखात्याच्या दप्तरात बंद करून ठेवण्यात आले.

सुमारे अर्धशतकानंतर ही नाणी बाहेर काढण्यात आली आणि त्यांपैकी काही राजघराण्यातील व्यक्तींकडे गेली. कडेवर अक्षरे असलेले अस्सल नग पाचच ज्ञात आहेत. त्यांतील एक जॉर्जी यांच्या संग्रहात होता.

रशियन वस्तुसंग्रहालय

१८९५ मध्ये झार दुसरा निकोलस यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ केवळ रशियन कलेला वाहिलेले वस्तुसंग्रहालय स्थापन करण्याचा हुकूम काढला आणि त्याची व्यवस्था जॉर्जी मिखाइलोविच यांच्याकडे सोपवली. वास्तुकार कार्लो रोस्सी यांनी बांधलेला मिखाइलोव्हस्की राजवाडा त्यासाठी निवडण्यात आला. वास्तुकार वासिली स्विन्यिन यांनी त्यात आवश्यक ते फेरफार केले. मार्च १८९८ मध्ये संग्रहालय जनतेसाठी खुले झाले.

बालपणी ज्याला चित्रकार होऊ दिले नाही, त्याच्याकडे देशातील चित्रांचे एक मोठे भांडार सांभाळण्याचे काम आले. पुढे संग्रहालयात साम्राज्यातील विविध जमातींच्या वस्तूंचा मानववंशशास्त्रीय विभागही उभा राहिला. जॉर्जी यांनी आपला नाण्यांचा संग्रहही याच संस्थेत ठेवला होता. १९१७ च्या क्रांतीपर्यंत ते या पदावर होते.

विवाह व कुटुंब

१९०० मध्ये कॉर्फू बेटावर जॉर्जी यांचा विवाह ग्रीसचे राजे पहिले जॉर्ज यांची कन्या मारिया हिच्याशी झाला. त्यांना नीना (जन्म १९०१) आणि क्सेनिया (जन्म १९०३) या दोन मुली झाल्या. क्रिमियाच्या किनाऱ्यावर वास्तुकार निकोलाय क्रास्नोव्ह यांनी त्यांच्यासाठी हराक्स नावाचा वाडा बांधला. त्या जागी प्राचीन रोमन ठाण्याचे अवशेष होते.

मारिया यांना रशियातील जीवन फारसे मानवले नाही. १९१४ च्या उन्हाळ्यात त्या मुलींना घेऊन इंग्लंडला गेल्या. काही आठवड्यांतच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग बंद झाला. त्यानंतर पती-पत्नींची किंवा बाप-लेकींची पुन्हा भेट झाली नाही.

पहिले महायुद्ध

युद्धकाळात जॉर्जी पुन्हा लष्करी सेवेत रुजू झाले. झारचे प्रतिनिधी म्हणून निरनिराळ्या आघाड्यांना भेटी देणे, परिस्थितीचा अहवाल पाठवणे आणि शूर सैनिकांना सेंट जॉर्ज क्रूस बहाल करणे, ही कामे त्यांच्याकडे होती. आयुष्यभर पदके व नाणी यांची दप्तरे चाळणाऱ्या या माणसाने आता ती पदके चिखलात उभ्या असलेल्या शिपायांच्या छातीवर लावली.

या युद्धात क्रूस फार मोठ्या संख्येने वाटले गेले. सोन्याची टंचाई भासू लागल्याने प्रथम वरच्या वर्गांच्या क्रूसांतील सोन्याचे प्रमाण कमी करण्यात आले. १९१७ मध्ये तर सोन्याचांदीऐवजी साध्या धातूंचा वापर झाला. अशा क्रूसांवर पिवळा धातू किंवा पांढरा धातू असे दर्शवणारी रशियन आद्याक्षरे आढळतात. आजचे संग्राहक त्यांवरून क्रूसाचा काळ ओळखतात. साम्राज्याची आर्थिक ओढाताण या छोट्या खुणांतून दिसून येते.

१९१५–१६ च्या हिवाळ्यात जॉर्जी झारचे दूत म्हणून जपानला जाऊन आले. आघाडीवर जे दिसत होते त्याने ते अस्वस्थ होते. जानेवारी १९१७ मध्ये सेनापती ब्रुसिलोव्ह यांच्याशी बोलणे झाल्यावर त्यांनी झारला पत्र लिहून लोकांना जबाबदार असे मंत्रिमंडळ नेमण्याची निकड कळवली. त्याचा उपयोग झाला नाही. दोन महिन्यांच्या आत राजसत्ता कोसळली.

क्रांती, अटक व मृत्यू

झारच्या पदत्यागानंतर जॉर्जी यांनी लष्करी सेवा सोडली. १९१७ च्या उन्हाळ्यात ते फिनलंडला गेले. तेथून इंग्लंडमध्ये पत्नी व मुलींकडे जाण्याचा त्यांचा विचार होता. परंतु प्रवासाची परवानगी मिळेना. त्याच वर्षाच्या अखेरीस बोल्शेव्हिक सरकारने जुन्या राजवटीतील सर्व पदव्या, सन्मानश्रेणी आणि मानचिन्हे रद्द केली.

१९१८ च्या वसंतऋतूत पारपत्र मिळवण्याच्या खटपटीत असताना फिनलंडमध्येच त्यांना पकडण्यात आले आणि पेट्रोग्राडला आणण्यात आले. तेथून त्यांची रवानगी वोलोग्दा या गावी झाली. बंधू निकोलाय आणि चुलतबंधू दिमित्री कॉन्स्टंटिनोविच यांनाही तेथेच हद्दपार केलेले होते. जुलैमध्ये तिघांनाही पुन्हा अटक करून पेट्रोग्राडच्या तुरुंगात डांबण्यात आले. त्याच महिन्यात येकातेरिनबुर्ग येथे झार व त्यांचे कुटुंब, तर अलापायेव्हस्क येथे जॉर्जी यांचे धाकटे बंधू सेर्गेई मारले गेले.

कैदेतून जॉर्जी पत्नीला पत्रे लिहीत. डेन्मार्कचे राजदूत हाराल्ड स्कावेनियस यांनी कैद्यांच्या सुटकेसाठी प्रयत्न केले. लेखक मॅक्सिम गॉर्की यांनी निकोलाय यांच्या इतिहासलेखनाचा दाखला देऊन लेनिन यांच्याकडे रदबदली केली. कशाचाही उपयोग झाला नाही. जानेवारी १९१९ च्या अखेरीस जॉर्जी, निकोलाय, दिमित्री कॉन्स्टंटिनोविच आणि पावेल अलेक्झांड्रोविच या चार ग्रँड ड्यूकांना पीटर-पॉल किल्ल्यात गोळ्या घालण्यात आल्या. त्यांना सामुदायिक खड्ड्यात पुरण्यात आले. याच किल्ल्याच्या आवारात साम्राज्याची टांकसाळ होती आणि जॉर्जी यांनी अभ्यासलेली बहुतेक पदके व असंख्य नाणी तेथेच घडली होती.

१९९९ मध्ये रशियन सरकारी अभियोक्ता कार्यालयाने या चौघांना निर्दोष ठरवले.

संग्रहाचे पुढे काय झाले

क्रांतीनंतरच्या धामधुमीत जॉर्जी यांच्या संग्रहाचा मोठा भाग रशियाबाहेर गेला. मारिया व दोन्ही मुली परदेशातच राहिल्या. मुलींनी पुढे अमेरिकेत वास्तव्य केले. कालांतराने संग्रहातील हजारो नाणी व पदके अमेरिकेतील द्यू पाँ घराण्यातील एका संग्राहकाकडे आली. त्याने १९५९ पासून ती टप्प्याटप्प्याने वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेला देणगी म्हणून दिली. कॉन्स्टंटाइन रुबलचा नगही तेथेच आहे. त्यामुळे साम्राज्यकालीन रशियन नाण्यांचा रशियाबाहेरील एक अत्यंत महत्त्वाचा संग्रह आज अमेरिकेच्या राजधानीत पाहावयास मिळतो.

महत्त्व

साम्राज्यकालीन रशियन पदके व सन्मानचिन्हे यांना आज जगभरातील लिलावांत मोठी मागणी आहे. मागणीबरोबर नकलाही वाढल्या आहेत. एखादे मानचिन्ह अस्सल आहे की नंतर घडवलेले, हे ठरवताना अभ्यासक धातू, वजन, कारागिराची मुद्रा आणि क्रमांक तपासतात व ते छापील कागदपत्रांशी ताडून पाहतात. हीच पद्धत जॉर्जी मिखाइलोविच यांनी नाण्यांच्या बाबतीत चिकाटीने रुजवली.

त्यांना जन्मतः मिळालेली सर्व मानचिन्हे एका हुकुमाने रद्द झाली आणि त्यांचा संग्रह त्यांच्या देशात राहिला नाही. स्वतःच्या परिश्रमाने सिद्ध केलेली ग्रंथमाला मात्र टिकून राहिली. फ्रेंच भाषेतही तिचे भाषांतर झाले असून रशियन नाण्यांवरील नव्या सूचींत तिचे संदर्भ आजही दिले जातात.